नाटकानंतरचा फार्स

लग्नाआधी पुण्यात मी पीएच.डी.साठी नाव नोंदवलं होतं. विषय होता अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये मुख्य नाटकानंतर होणारे फार्स. आधी पाच अंकी शोकांतिका व्हायची, राजे-राण्या मरायच्या, आणि पडदा पडून पुन्हा वर गेला की त्यांतलेच काही नट चांभार, मोलकरीण, बहिरा म्हातारा होऊन यायचे आणि लोकांना हसवून घरी पाठवायचे. आपल्याकडेही जुन्या कंपन्या पौराणिक नाटकाच्या शेवटी फार्स करत असत, त्यामुळे मला तो विषय कधी परका वाटला नाही. दोन प्रकरणं लिहून झाली, लग्न ठरलं, आणि नवऱ्याच्या रिफायनरीतल्या नोकरीपाठोपाठ मी कुवेतला आले. प्रबंध तिथेच राहिला. त्याचं फार वाईट वाटलं असंही नाही. वाईट वाटायलासुद्धा थोडी फुरसत लागते, आणि सलवा वस्तीतलं घर, शाळेतली इंग्रजी शिकवण्याची नोकरी आणि घरी आणलेले तपासायचे पेपर यांत ती कधी मिळाली नाही.

कुवेतमधलं आमचं मराठी मंडळ दर हिवाळ्यात एक नाटक करायचं. मंडळाचे कार्यवाह पुण्याचे इंजिनियर होते, नवऱ्याच्याच कंपनीतले. माणूस कष्टाळू, पण त्यांना गंभीर नाटकाचाच शौक. दोन अंक, मंद प्रकाश, घरातली भांडणं, शेवटी एक लांब स्वगत, आणि ते स्वगत त्यांचंच असायचं. एका बैठकीत सगळ्यांनी तक्रार केली की फरवानियाकडची, कामगार वस्तीतली माणसं हल्ली नाटकाला येत नाहीत. तेव्हा मी न राहवून बोलून गेले, की ती येणार कशी? आपण सुटीच्या शुक्रवारी नाटक ठेवतो, पण त्यांची दुकानं आणि हॉटेलं चालूच असतात. संध्याकाळी त्यांची ड्युटी सुटते तेव्हा आपला पहिला अंक संपत आलेला असतो.

"मग काय करायचं म्हणता, वहिनी?" कार्यवाहांनी विचारलं.

मी लंडनचं सांगितलं. तिथे तिसरा अंक संपला की अर्ध्या तिकिटात आत सोडायचे. कामं आटोपून येणारी माणसं, दुकानातले कारकून, अशी सगळी गर्दी तेव्हा व्हायची, आणि ती यायची मुख्यतः फार्ससाठी. एकदा मालकांनी हे अर्धं तिकीट बंद करायचं म्हटलं तर लोकांनी थिएटरमधली बाकं मोडली होती.

"म्हणजे जेवणानंतरचं पान," कार्यवाह हसले.

"बऱ्याच जणांचं ते जेवणच असायचं," मी म्हटलं.

बैठकीत असं काही बोललं की ते काम आपल्याच गळ्यात पडतं, हे इतक्या वर्षांत मला कळायला हवं होतं. ठरलं असं, की कार्यवाहांच्या नाटकानंतर चाळीस मिनिटांचा फार्स करायचा. लिहायचा मी, बसवायचाही मी. शाळेत सहामाहीचे पेपर चालू होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी एका बाजूला दहावीचे निबंध तपासत होते आणि दुसऱ्या बाजूला फार्स लिहीत होते. डोकं इतकं शिणलेलं असायचं, की एकदा एका मुलीच्या निबंधावर 'इथे दार वाजते' असं लिहून ठेवलं.

गोष्ट अगदी जुन्या साच्याची घेतली. एक चिकट काका, त्याची भाची, आणि भाचीचा कफल्लक प्रियकर. दोघांचं काय चाललंय ते कळावं म्हणून काका आरामखुर्चीत तोंडावर रुमाल टाकून झोपेचं सोंग घेतो. दोघांना ते सोंग कळतं. मग ती दोघं काकाच्या उदारपणाची आणि त्याच्या मोठ्या मनाची इतकी मोठमोठ्यानं तारीफ करतात, की सोंग सोडायचं तर आपण चोरून ऐकत होतो हे कबूल करावं लागेल अशा पेचात काका सापडतो. मधून मधून रुमाल उचलून तो प्रेक्षकांशी बोलतो, आणि सगळी गंमत त्या बोलण्यात आहे. शेवटी ती दोघं पाया पडतात आणि काकाला उठून आशीर्वाद द्यावाच लागतो.

काकाच्या भूमिकेसाठी माझ्या डोळ्यांसमोर एकच माणूस होता. ते रत्नागिरीकडचे. फरवानियाच्या एका जमियात, म्हणजे सहकारी सुपर मार्केटात, भाजीच्या गोदामावर होते. पन्नाशी उलटलेली, किडकिडीत अंग आणि लांबोडका चेहरा. मंडळाच्या सहलीत त्यांनी एकदा गावच्या लग्नातल्या भांडखोर मामाची नक्कल केली होती, तेव्हा हसून हसून माझ्या बरगड्या दुखल्या होत्या. सगळे त्यांना भाई म्हणायचे. मी फोन केला तर पहिल्यांदा म्हणाले, "मना पाठांतर नाय जमायचा, मॅडम." मग थोड्या वेळानं त्यांचाच फोन. "काका मरतो काय शेवटाक?"

"नाही हो, आशीर्वाद देतो."

"मग करतो."

भाचीसाठी कुवेत सिटीतल्या बँकेत काम करणारी एक मुलगी मिळाली. जन्म इथला, शाळा इथली. मराठी घरात ऐकलेलं, पण उत्तरं इंग्रजीत द्यायची सवय. संवाद तिला रोमन लिपीत लिहून दिले. प्रियकर मात्र मिळेना. जी तरुण मुलं होती ती कार्यवाहांच्या नाटकात अडकलेली. शेवटी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माझा नवरा मिशा रंगवून प्रियकर झाला. "निदान घरच्या घरी तालीम होईल," तो म्हणाला, आणि पुढचा महिनाभर टीव्ही बघताना मधेच मला 'प्रिये' म्हणायला लागला.

तालमी रात्री उशिरा आमच्या हॉलमध्ये व्हायच्या. भाई दोन बस बदलून यायचे, कधी पिशवीतून काकड्या आणायचे. गोदामातला त्यांचा जोडीदार लांब सुटीवर गावी गेलेला असल्यामुळे त्यांना पहाटेचा ट्रकही बघावा लागे आणि संध्याकाळची पाळीही. मी एकदा म्हटलं, "भाई, झेपत नसेल तर सांगा, मी दुसरं कोणी बघते." ते दुखावले. "घरी जाऊन काय करू? आठ माणसांच्या खोलीत एक खाट. हय निदान माझी वाट तरी बघतात." मी पुन्हा तो विषय काढला नाही. खुर्चीत रुमालाखाली पडले की त्यांच्या पायाचा अंगठासुद्धा नट होऊन जायचा. भाचीनं 'काका किती दिलदार!' म्हटलं की अंगठा कळवळायचा. ते काही मी लिहिलेलं नव्हतं.

प्रयोगाच्या दिवशी जे जे बिघडायचं ते सगळं बिघडलं. सलवातल्या एका शाळेचं सभागृह आम्हाला रात्री नऊपर्यंत मिळालं होतं. प्रमुख पाहुणे उशिरा आले. मग दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, देणगीदारांचे सत्कार. पाहुण्यांनी मराठी संस्कृतीवर भाषण केलं आणि ते संपता संपेना. कार्यवाहांचं नाटक सुरू व्हायला इतका उशीर झाला, की दुसऱ्या अंकाच्या मध्यावर लहान मुलं रडायला लागली आणि पालक त्यांना उचलून पार्किंगकडे निघाले. कार्यवाह रंगमंचावर निवृत्त न्यायाधीशाचं स्वगत म्हणत होते. त्यांचं काम चांगलं होत होतं. मी विंगेतून बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांसमोर खुर्च्या रिकाम्या होताना मला दिसत होत्या. त्यांनाही दिसत असणारच. एक शब्दही न गाळता त्यांनी ते पूर्ण केलं.

पडदा पडल्यावर ते घामानं निथळत आत आले आणि म्हणाले, "वहिनी, फार्स रद्द. वेळ नाही, माणसं नाहीत. सांगून टाका."

खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंच वाटलं. सकाळपासून मी उभी होते. घरी जावं, चपला काढाव्यात, कोणाशी बोलू नये, एवढंच मनात होतं. मी मानही डोलावली. तेवढ्यात नवरा मिशी सांभाळत बाहेरून आला. "दारात बघ जरा," तो म्हणाला.

दारात पंचवीस-तीस माणसं उभी होती. काही जमियाच्या गणवेशातच आलेली, काही हॉटेलातली, दोन-तीन बायका. कोणाच्या तरी मिनीबसमधून फरवानियाहून आलेली. शाळेचा हारिस, म्हणजे रखवालदार, दारात हात आडवा लावून उभा होता. इजिप्तचा धिप्पाड माणूस. "खलास, खलास! प्रोग्राम फिनिश!"

पुढे उभा असलेला एकजण मला बघून म्हणाला, "बाई, संपला काय? भाईचा खेळ बघाया आलो."

मी आत गेले आणि कार्यवाहांना म्हटलं, "माणसं आलीत."

"किती?"

"तुमच्या शेवटाला होती त्यापेक्षा जास्त."

बोलायला नको होतं, पण थकलेल्या माणसाच्या जिभेला लगाम नसतो. कार्यवाहांनी न्यायाधीशाचा पांढरा विग काढला, तो खुर्चीवर ठेवला आणि स्वतः हारिसशी बोलायला गेले. मोडक्यातोडक्या अरबीत त्यांनी त्याला काय सांगितलं ते मला माहीत नाही. परत आले तेव्हा म्हणाले, "अर्धा तास. सेट लावायचा नाही. पडद्यापुढेच करा."

आम्ही एक आरामखुर्ची पडद्यापुढे आणून ठेवली. माणसं आत आली आणि सवयीनं मागच्या रांगांत बसायला लागली. कार्यवाहांनीच त्यांना पुढे बोलावलं.

भाई त्या दिवशी पहाटेच्या ट्रकपासून कामावर होते, तिथून थेट इथे आले होते. मेकअप करताना बोलत नव्हते. मी विचारलं, "बरं आहे ना?" तर म्हणाले, "सुरू झाला की बरा होतो."

आणि झालंही तसंच. पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी ती माणसं खिशात घातली. भाचीला चहात साखर किती घालायची हे समजावताना त्यांनी एक दाणा असा काही उचलला, की पुढच्या रांगेतला एकजण खुर्चीवरून घसरला. माझा नवरा रंगवलेल्या मिशा घेऊन आला तेव्हा तर संवाद सुरू व्हायच्या आधीच शिट्ट्या पडल्या. मी विंगेत संवादांचं पुस्तक घेऊन उभी होते आणि सकाळपासून पहिल्यांदाच मला पाय दुखत असल्याचं आठवत नव्हतं.

मग काका खुर्चीत पडला, तोंडावर रुमाल आला. भाचीनं तारीफ सुरू केली. "आमचे काका म्हणजे देवमाणूस!"

इथे रुमाल उचलून काकाचं वाक्य होतं. रुमाल उचलला गेला नाही.

मी विंगेतून हळूच वाक्य सुचवलं. पुन्हा सुचवलं. भाई काहीतरी नवीन करताहेत असं वाटून प्रेक्षक हसत होते. मला त्यांच्या पायाचा अंगठा दिसत होता. तो अगदी सैल पडला होता. मग घोरणं ऐकू आलं. सोंगाचं घोरणं त्यांनी तालमीत केलं होतं, ते शिट्टीसारखं वाजायचं. हे तसं नव्हतं. हे खोल, दमलेलं, मधेच अडकून पुन्हा सुरू होणारं घोरणं होतं.

लोक आणखी हसले. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. तो भाईंच्या खांद्याला हात लावायला वाकला, तेवढ्यात पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "अरे, खराच झोपलाय रे तो."

हसणं थांबलं. मग त्याच्या शेजारचा, जमियाच्या गणवेशातला माणूस म्हणाला, "निजू दे त्याला. पहाटे तीनला उठलाय."

त्या मुलीनं, जिला मराठीत 'तुला' आणि 'तुझ्याकडे' यांतला फरक तालमीत मी दहा वेळा सांगितला होता, प्रेक्षकांकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. "शू," ती म्हणाली. "काका झोपलेत." आणि माझ्या नवऱ्याचा हात धरून, चवड्यांवर चालत, त्याला खुर्चीपासून लांब, मंचाच्या कडेला घेऊन आली. तिथून तिनं राहिलेला सगळा फार्स कुजबुजत केला. रुमाल उचलून काकानं बोलायची वाक्यंही तीच म्हणाली. "आता काका म्हणाले असते, चहा दे पण साखर मोजून दे." जिथे तिला मराठी शब्द सापडला नाही तिथे तिनं सरळ माझ्या नवऱ्याला विचारलं, "स्टिंजीला काय म्हणतात?" आणि पुढच्या रांगेनं एका सुरात, पण कुजबुजत, उत्तर दिलं, "चिकट!"

इतकी माणसं तोंडावर हात दाबून हसताना मी कधी बघितली नव्हती. खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि आवाज नाही. एका बाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. दाराशी हारिस उभा होता. त्याला मराठीचा एक शब्द कळत नव्हता, पण तोही ओठांवर बोट ठेवून मागून आत येणाऱ्याला गप्प करत होता. आणि मधे खुर्चीत भाई शांत झोपले होते. रुमाल श्वासाबरोबर वर जात होता, खाली येत होता.

शेवट आला. दोघं चवड्यांवर चालत खुर्चीपाशी गेली आणि वाकली. मुलीनं भाईंच्या पायाला हात लावला मात्र, ते ताडकन उठून बसले. रुमाल खाली पडला. समोरचे दिवे डोळ्यांवर. ते ओरडले, "टरक आला काय?"

एवढा वेळ कोंडून ठेवलेलं हसू एकदम फुटलं. पण त्यात नुसती गंमत नव्हती. त्यांतल्या प्रत्येकाला असं कोणी ना कोणी उठवलेलं होतं. भाई क्षणभर कावरेबावरे झाले. मग त्यांना पायापाशी वाकलेली दोघं दिसली, माझ्या नवऱ्याच्या मिशा दिसल्या, आणि आपण कुठे आहोत ते उमगलं. त्यांनी घसा साफ केला आणि शेवटचं वाक्य अगदी माझ्या पुस्तकात होतं तसं म्हटलं, "उठा. सुखाचा संसार करा, पण स्वतःच्या खर्चानं."

टाळ्या थांबेनात. कार्यवाह माझ्या शेजारी विंगेत उभे होते, तेही टाळ्या वाजवत होते.

आत आल्यावर भाई भिंतीशी पाठ टेकून खाली बसले आणि कोणाकडे बघेनात. "मॅडम, मी तुमचा खेळ बुडवला."

"भाई, बाहेर ऐका जरा."

"ते माझ्यावर हसतात."

समजूत घालण्याइतकी ताकद माझ्यात उरली नव्हती. कार्यवाह त्यांच्या शेजारी, तसेच जमिनीवर बसले, न्यायाधीशाच्या काळ्या कोटासकट. "माझ्या नाटकात आज लोक झोपले, भाई," ते म्हणाले. "तुमच्यात निदान नट झोपला." भाईंनी मान वर केली, त्यांच्याकडे बघितलं, आणि त्यांना हसू आवरलं नाही. मग दोघंही हसत बसले. हारिस आत येऊन "यल्ला, यल्ला" करत दिवे घालवायला लागला तरी ते उठत नव्हते.

पुढची दोन वर्षं फार्स झाला. दोन्ही वेळा भाईंनीच काम केलं, आणि जागे राहून केलं. पण खरं सांगायचं तर त्या दिवसासारखा तो रंगला नाही. तिसऱ्या वर्षी त्यांचे गुडघे गेले आणि ते कायमचे गावी परतले. कार्यवाहांची बदली झाली. मला त्या वर्षी बोर्डाचे वर्ग दिले होते. मंडळातून फोन आला तेव्हा मी सांगितलं, की आता माझ्याच्यानं होणार नाही. मग त्या बँकेतल्या मुलीनं स्वतः एक फार्स लिहिला. रोमन लिपीत लिहिलेला, निम्मा मराठी, निम्मा इंग्रजी, मधे थोडं हिंदी.

मी तो प्रेक्षकांत बसून बघितला. मागच्या रांगेत जागा मिळाली. पुढे तरुण मुलं बसली होती, ती ज्या जागी हसत होती त्यांतल्या बऱ्याच जागा मला कळल्या नाहीत. एका ठिकाणी मात्र मी एकटीच हसले, आणि समोरच्या दोन मुलींनी वळून पाहिलं. नवरा शेजारी डुलक्या घेत होता. मी त्याला उठवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जादा तास होता, म्हणून फार्स संपल्यावर लगेच निघालो. ती मुलगी दारापर्यंत धावत आली. "कसं वाटलं? बोला ना!"

"चांगलं झालं," मी म्हटलं. "शेवट जरा लांबला."

"आय नो," ती म्हणाली. "पण लोक उठत नव्हते ना."